एक फाइल, पाच किल्ल्या: गटात एन्क्रिप्ट केलेल्या फाइली कशा वापराव्यात

सोसायटीची कमिटी असो, छोटा ट्रस्ट असो, सीएचं ऑफिस असो, की वडिलोपार्जित जमिनीचे कागद सांभाळणारी चार भावंडं असोत. अडचण सारखीच असते. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं, मृत्युपत्राचा मसुदा या फाइली चार-पाच जणांना लागतात आणि बाकी कुणालाही दिसायला नको असतात. बहुतेक जण पासवर्ड घातलेली झिप फाइल मेलने पाठवतात आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकतात. तो पासवर्ड मग पाच जणांच्या फोनमध्ये राहतो आणि त्यांच्या बॅकअपमध्येही जातो. एक जण गटातून बाहेर पडला की सगळ्यांना नवा पासवर्ड कळवत बसावं लागतं.

सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत कुणी कुणाला गुपित पाठवतच नाही. प्रत्येकाकडे किल्ल्यांची एक जोडी असते. सार्वजनिक किल्ली ही खरं तर उघडं कुलूप आहे. ती कुणालाही द्या, तिने फाइल फक्त बंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करता येते. उघडणारी खासगी किल्ली मालकाच्या मशीनवरून हलत नाही. या लेखात विंडोजवर जीपीजी-फोर-विन आणि त्यातला क्लिओपात्रा हा प्रोग्रॅम वापरून पाच जणांचा गट कसा उभा करायचा ते सांगितलं आहे. दोन्ही मोफत आहेत. त्यांच्या पोटात ग्नूपीजी हा बंद-उघड करण्याचं खरं काम करणारा प्रोग्रॅम आहे, ज्याची १.० आवृत्ती १९९९मध्ये आली.

आधी हे समजून घ्या

पाच जणांसाठी फाइल बंद करायची म्हणजे तिच्या पाच प्रती बनतात, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. प्रोग्रॅम त्या फाइलपुरती एक नवी तात्पुरती किल्ली तयार करतो आणि तिने फाइल एकदाच बंद करतो. मग ती छोटी तात्पुरती किल्ली पाच जणांच्या पाच सार्वजनिक किल्ल्यांनी वेगवेगळी बंद करून फाइलच्या सुरुवातीला जोडतो. पेटी एकच, आणि तिच्या किल्लीच्या पाच प्रती पाच सीलबंद पाकिटांत. माणूस वाढला की एक पाकीट वाढतं. आरएसए या जुन्या प्रकारच्या ४०९६ बिटच्या किल्लीला साधारण अर्धा केबी लागतो, नव्या वक्राधारित (एलिप्टिक कर्व्ह) प्रकारच्या किल्लीला शंभर बाइटच्या आसपास. फाइल २०० एमबीची असली तरी पाच जणांमुळे तिचं वजन वाढल्याचं जाणवणारही नाही.

यातून निघणारी गोष्ट पुढे प्रत्येक पायरीवर लागणार आहे: फाइल कोण उघडू शकेल हे ती बंद करताना ठरतं. गूगल ड्राइव्हमध्ये नंतर नाव वाढवता किंवा काढता येतं, तसं इथे होत नाही. यादीत एखादं नाव घालायचं राहून गेलं तर त्या माणसाला ती फाइल कधीच उघडणार नाही. आणि नको असलेलं नाव यादीत घातलं गेलं, तर पाठवलेली प्रत परत घेता येत नाही.

काय काय लागेल

- प्रत्येकाचा स्वतःचा संगणक, शक्यतो विंडोज १० किंवा ११. मॅकवर जीपीजी सूट मिळतं. लिनक्सवर ग्नूपीजी बहुधा आधीच असतं आणि क्लिओपात्रा पॅकेजमधून घेता येतं.
- प्रत्येकाचा स्वतंत्र ईमेल पत्ता. दोघांत मिळून एक पत्ता चालणार नाही.
- दरडोई दोन पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी.
- सगळे एकत्र असतील असा अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल.
- फाइली ठेवायला सगळ्यांची एक जागा: ड्राइव्हचा फोल्डर, ऑफिसचा सर्व्हर किंवा नुसता मेल.

पायरी १: सॉफ्टवेअर बसवा

जीपीजी-फोर-विनच्या अधिकृत साइटवरूनच डाउनलोड करा. तिथे आधी देणगीचं पान येतं आणि पुष्कळ जण हे विकत घ्यायचं सॉफ्टवेअर समजून परत फिरतात. रकमेत शून्य निवडलं की डाउनलोड सुरू होतं. इन्स्टॉल करताना क्लिओपात्रा आणि जीपीजीईएक्स हे दोन भाग निवडलेले असू द्या. दुसऱ्यामुळे फाइलवर राइट-क्लिक करून थेट काम करता येतं. विंडोज ११मध्ये तो मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'खाली दडलेला असतो.

गटातल्या सगळ्यांनी एकाच सुमारास ताजी आवृत्ती घ्यावी. नव्या आवृत्तीत बनवलेली किल्ली 'मला नवी पद्धत चालते' असं स्वतःवर नोंदवून ठेवते. सगळ्यांच्या किल्ल्या तसं सांगत असतील तर फाइल नव्या पद्धतीने बंद होते. मग तीच किल्ली कुणी जुन्या लॅपटॉपवर किंवा फोनमधल्या जुन्या ॲपमध्ये नेली, तर किल्ली बरोबर असूनही फाइल उघडत नाही.

पायरी २: किल्ल्यांची जोडी बनवा

क्लिओपात्रात 'फाइल' मेनूत जाऊन 'न्यू ओपनपीजीपी की पेअर' निवडा. नाव आणि ईमेल भरा. 'पासफ्रेजने संरक्षण' या चौकटीत खूण हवीच. ती नसेल तर लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती किल्लीही पडते. प्रगत सेटिंगमध्ये मुदत दोन वर्षांची ठेवा. मुदत नंतर वाढवता येते, त्यामुळे कमी ठेवण्यात तोटा नाही. अल्गोरिदम आहे तोच राहू द्या.

हा प्रोग्रॅम किल्लीला बऱ्याच ठिकाणी 'सर्टिफिकेट' म्हणतो. वेगळं काही नाही, तीच गोष्ट आहे.

पासफ्रेज म्हणजे लांब पासवर्ड. एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या. अभंगाची ओळ, म्हण, मुलांची नावं नकोत. मराठी शब्द जरूर घ्या, पण टाइप रोमन अक्षरांत करा. देवनागरीत डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर आत दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं. 'ऱ' हे एका कीबोर्डवर एकच चिन्ह असतं, तर दुसऱ्यावर र आणि नुक्ता अशी दोन. दिसायला फरक नाही, पण प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे पासफ्रेज आहेत, आणि नव्या लॅपटॉपवर तुमचा बरोबर पासफ्रेज चुकीचा ठरेल. 'पासवर्ड विसरलात?' असं बटण इथे नाही. कुणाला फोन करून तो परत मिळवता येत नाही.

पायरी ३: त्याच दिवशी बॅकअप घ्या

हे उद्यावर ढकलू नका. हार्ड डिस्क गेली तर किल्ली जाते, आणि तुमच्या किल्लीने बंद झालेली प्रत्येक फाइल तुमच्यापुरती संपते.

किल्लीवर राइट-क्लिक करून 'बॅकअप सिक्रेट कीज' निवडा आणि ती फाइल दोन्ही पेन ड्राइव्हवर ठेवा. एक घरात, एक घराबाहेर. ड्राइव्ह, मेल, व्हॉट्सॲप यांपैकी कुठेही ती टाकू नका.

किल्लीच्या तपशिलात रद्दपत्र बनवण्याचा पर्यायही आहे, 'जनरेट रिव्होकेशन सर्टिफिकेट'. लॅपटॉप चोरीला गेला किंवा पासफ्रेज विसरलात तर 'ही किल्ली यापुढे वापरू नका' असं गटाला सांगण्याचं हे साधन आहे. पासफ्रेज विसरल्यावर ते बनवता येत नाही, म्हणून आत्ताच करून ठेवायचं. किल्ली बनताना ग्नूपीजी स्वतःही असं एक रद्दपत्र एका फोल्डरमध्ये ठेवतं. चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्यात एका ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं टाकलेली असतात. वापरायची वेळ आली तर आधी ती काढावी लागतात.

पायरी ४: किल्ल्यांची देवाणघेवाण आणि पडताळणी

आपल्या किल्लीवर राइट-क्लिक करून 'एक्सपोर्ट' निवडलं की '.एएससी' फाइल तयार होते. ती सगळ्यांना मेलने पाठवा. पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ वाचा. 'बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक' असेल तर पाठवा. तिथे 'प्रायव्हेट' हा शब्द दिसला तर थांबा, तुम्ही चुकून बॅकअपची फाइल उचलली आहे. ती आधीच गेली असेल तर ती किल्ली रद्द करून नवी बनवा. 'मेल डिलीट करा' असं सांगून भागणार नाही.

पाच जणांच्या गटाला किल्ली सार्वजनिक सर्व्हरवर चढवायची गरज नसते.

मिळालेल्या फाइली 'इम्पोर्ट' करा. आता या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट येते. किल्लीवरचं नाव आणि ईमेल हे बनवणाऱ्याने टाइप केलेलं असतं. तुमच्या नावाची किल्ली जगात कुणीही बनवू शकतं. तुमच्या भावाचा मेल कुणाच्या ताब्यात असेल आणि त्याच्या नावाने त्या माणसाने स्वतःची किल्ली पाठवली, तर तुम्ही सगळे कागद निष्ठेने त्या माणसासाठी बंद करून पाठवाल. एन्क्रिप्शन अगदी चोख होईल, फक्त चुकीच्या माणसासाठी.

म्हणून फिंगरप्रिंट, म्हणजे त्या किल्लीची ओळखखूण, ताडून पाहायचा. तो ४० अक्षरांचा असतो, चार-चारचे दहा गट, त्यात ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी जमावं. पहिल्याने स्वतःच्या मशीनवरचा स्वतःचा फिंगरप्रिंट मोठ्याने वाचावा, बाकी चौघांनी आपल्याकडे आलेल्या प्रतीशी ताडून पाहावा. मग दुसऱ्याने. पाच वाचनांत सगळ्यांची सगळ्यांशी पडताळणी होते. फोनवर बी, डी आणि ई सारखे ऐकू येतात, म्हणून 'बॉम्बेचा बी', 'दिल्लीचा डी' असंच वाचा.

दोन गोष्टी टाळा. किल्ली ज्या मेलमधून आली त्याच मेलमध्ये लिहिलेला फिंगरप्रिंट ताडून उपयोग नाही. किल्ली बदलणारा तोही बदलेल. आणि शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून थांबू नका. तेवढी जुळवून बनावट किल्ली तयार करता येते. २०१४मध्ये हजारो खऱ्या किल्ल्यांच्या अशा जुळ्या बनवून दाखवल्या गेल्या होत्या. चाळीसच्या चाळीस वाचा.

जुळलं की त्या किल्लीवर राइट-क्लिक करून 'सर्टिफाय' करा. आता क्लिओपात्रा तिला खात्रीची मानेल. एकही अक्षर चुकलं तर ती किल्ली काढून टाका आणि त्या माणसाकडून दुसऱ्या मार्गाने मागवा.

पायरी ५: गटाला नाव द्या

दरवेळी पाच नावं हाताने निवडली की कधीतरी एक राहून जातं. सेटिंग्जमध्ये 'कॉन्फिगर ग्रुप्स' आहे. तिथे गट बनवून त्यात स्वतःसकट पाचही किल्ल्या घाला. हा गट फक्त तुमच्या मशीनवर असतो. माणूस बदलला की प्रत्येकाने आपापल्या मशीनवर बदल करायचा, आणि तो झाल्याचं एकमेकांना कळवायचं.

पायरी ६: फाइल बंद करा

फाइलवर राइट-क्लिक करून 'साइन अँड एन्क्रिप्ट' निवडा. खिडकीत चार ओळी महत्त्वाच्या आहेत.

'साइन ॲज' इथे तुमची किल्ली ठेवा. नवखे लोक ही ओळ काढून टाकतात, पण एन्क्रिप्शनवरून फाइल कुणी पाठवली ते कळत नाही. तुमच्या भावाची सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो कुणीही त्याच्यासाठी फाइल बंद करू शकतो. 'हा नवा खाते क्रमांक, इथे पैसे पाठवा' असं सांगणारी फाइल खरंच तुमच्याकडून आली की नाही, हे सही सांगते.

'एन्क्रिप्ट फॉर मी' ही खूण राहू द्या. ती काढली तर स्वतःच बंद केलेली फाइल तुम्हालाच उघडणार नाही. यादीत तुमची किल्ली नसेल तर क्लिओपात्रा इशारा देतं. तो वाचा, सवयीने ओके दाबू नका.

'एन्क्रिप्ट फॉर अदर्स' इथे गटाचं नाव.

'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' ही खूण मात्र नको. तिने सुरक्षा वाढत नाही. पेटीला आणखी एक दार पडतं. पाच किल्ल्यांपैकी एक किंवा तो पासवर्ड, दोन्हींपैकी काहीही चालतं. पासवर्ड कच्चा असेल तर बाकी मेहनत वाया.

शेवटी '.जीपीजी' फाइल तयार होते. पूर्ण फोल्डर निवडला तर आधी त्याचं एकच गाठोडं बांधून ते बंद केलं जातं.

बाहेरून काय दिसतं तेही माहीत असू द्या. फाइलचं नाव झाकलं जात नाही. 'आईचं मृत्युपत्र अंतिम' असं नाव ठेवलं तर निम्मी बातमी तिथेच फुटली. 'कागद-०७' असं साधं नाव ठेवा. कुणाकुणाच्या किल्ल्यांनी फाइल बंद केली आहे हेही ती ज्याच्या हाती पडेल त्याला वाचता येतं. मजकूर तेवढा गुप्त राहतो.

पहिली फाइल खरी नकोच. एका ओळीची टेक्स्ट फाइल प्रत्येकाने गटाला पाठवावी आणि प्रत्येकाने चारही उघडून दाखवाव्यात. पाचही जणांचं जमल्यावरच खरे कागद घ्या.

पायरी ७: उघडताना जपा

'.जीपीजी' फाइलवर 'डिक्रिप्ट अँड व्हेरिफाय' करा, पासफ्रेज द्या. सहीची पट्टी हिरवी आणि नाव ओळखीचं असेल तर ठीक. एकदा दिलेला पासफ्रेज मशीन मूळ सेटिंगनुसार दहा मिनिटं लक्षात ठेवतं, म्हणून उठताना स्क्रीन लॉक करा.

इथली सर्वांत महागात पडणारी चूक अशी: एन्क्रिप्ट केलेली फाइल वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये आहे, आणि ती तिथेच उघडली. उघडी प्रत त्याच फोल्डरमध्ये उतरते आणि काही सेकंदांत क्लाउडवर चढते. नंतर डिलीट केली तरी ती तिथल्या कचरापेटीत असते. सिंक न होणारा एक वेगळा फोल्डर करा, उघडलेल्या फाइली तिथेच उतरवा आणि काम झालं की पुसा. आजच्या एसएसडी डिस्कवरून पुसलेली फाइल पूर्ण नष्ट होईल याची हमी नसते. त्यामुळे बिटलॉकर किंवा विंडोजचं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू ठेवून सगळी डिस्कच बंद ठेवणं बरं.

दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली तर इथे ती एकत्र करता येत नाही; मागून चढवणारा आधीच्याचं काम पुसतो. फाइल कोणाकडे आहे ते गटात कळवा आणि नावात तारीख घाला. पाच जण दिवसभर मिळून लिहीत असतील अशा दस्तऐवजाला ही पद्धत मुळात सोयीची नाही. ती जपून ठेवायच्या कागदांसाठी आहे.

पायरी ८: माणूस आला, माणूस गेला

नवा सभासद आला की पायरी २ ते ४ त्याच्यासोबत पूर्ण करा आणि सगळ्यांनी आपला गट बदला. जुन्या फाइली त्याला आपोआप उघडणार नाहीत. ज्याला त्या उघडतात अशा कुणीतरी उघडून नव्या यादीने पुन्हा बंद कराव्या लागतील. लागतील तेवढ्याच करा.

माणूस बाहेर पडला की क्रम पाळा. आधी सामायिक फोल्डरमधला त्याचा प्रवेश काढा, मग सगळ्यांच्या गटातून त्याची किल्ली काढा, मग चालू फाइली नव्याने बंद करा. क्रम उलटा झाला तर फोल्डरमधल्या जुन्या आवृत्त्या तो घेऊ शकतो. गूगल ड्राइव्ह अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत ठेवतं. त्याने आधीच उतरवून घेतलेलं मात्र त्याच्याकडेच राहणार. म्हणून त्या फाइलींत नेट बँकिंगचे किंवा सरकारी पोर्टलचे पासवर्ड असतील तर ते पासवर्डच बदला.

लॅपटॉप हरवला तर रद्दपत्र इम्पोर्ट करा, रद्द झालेली सार्वजनिक किल्ली पुन्हा एक्सपोर्ट करून सगळ्यांना पाठवा आणि नवी जोडी बनवा. जुना बॅकअप फेकू नका, जुन्या फाइली त्यानेच उघडतील.

अडलं तर

'नो सिक्रेट की': ही फाइल तुमच्या किल्लीसाठी बंद केलेली नाही, किंवा तुमची खासगी किल्ली या मशीनवर नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर आहात का ते आधी पाहा. नसाल तर पाठवणाऱ्याची यादी चुकली आहे.

'अनयूजेबल पब्लिक की': बहुधा कुणाच्या तरी किल्लीची मुदत संपली आहे. मालकाने मुदत वाढवून सार्वजनिक किल्ली पुन्हा सगळ्यांना पाठवायची. फक्त स्वतःकडे वाढवून भागत नाही, हेच सगळे विसरतात. मुदत संपली तरी जुन्या फाइली उघडतात.

फाइल पोहोचते पण बिघडलेली: मजकूर मेलच्या अंगात चिकटवला असेल तर ओळी तुटतात. नेहमी अटॅचमेंट करा. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. काही कंपन्यांचे मेल सर्व्हर आत पाहता येत नाही म्हणून अशी अटॅचमेंट अडवतात. तेव्हा सामायिक फोल्डर वापरा.

किल्ली 'भविष्यात बनली आहे' अशी तक्रार: ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपची बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. प्रोग्रॅमला किल्ली उद्याची वाटते आणि तो ती नाकारतो. संगणकाची तारीख नीट करा, बॅटरी बदला आणि तीच फाइल पुन्हा उघडून पाहा.